म्हाताऱ्या कुत्र्याची कातडी आणि केस: शाम्पूची बाटली उघडायच्या आधी काय काय बघायचं

आमच्या बंड्याला 11वं वर्ष लागलं आणि त्याचे पाठीवरचे केस विरळ व्हायला लागले. आधी चमक गेली, मग कंगव्यात पुंजकेच्या पुंजके यायला लागले, आणि एक दिवस कुशीवर हात फिरवला तर कातडी थेट हाताला लागली, दोन्ही बाजूंनी अगदी सारखीच. मी काय केलं तर तीन महिन्यांत तीन शाम्पू बदलले. "वय झालंय आता त्याचं" असं घरात सगळेच म्हणत होते आणि मलाही ते पटत होतं, कारण ते पटलं की बाकी काही करावं लागत नाही. शेवटी डॉक्टरांकडे घेऊन गेलो तर मॅडमनी केसांना हातही लावायच्या आधी विचारलं, "दिवसाला पाणी किती पितो?" मला सांगताच आलं नाही. भांडं भरून ठेवतो, रिकामं झालं की परत भरतो, एवढंच माहीत. आणि हो, हल्ली जरा जास्त वेळा भरावं लागत होतं, पण ते तेव्हा तिथे बसल्यावर आठवलं.

त्याला कुशिंग निघाला, शरीरात कॉर्टिसोल नावाचं हॉर्मोन जास्त बनण्याचा आजार. म्हणजे केस गळणं हा कातडीचा आजार नव्हताच, आतल्या ग्रंथींचा होता आणि मी वरून फेस काढत बसलो होतो.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. तरुण कुत्र्याला कातडीचा त्रास झाला तर बहुतेक वेळा पिसवा, गोचीड, अ‍ॅलर्जी असलंच काहीतरी असतं. म्हाताऱ्या कुत्र्यात तीही असतातच, पण त्यांच्याबरोबर थायरॉईड, अ‍ॅड्रिनल, लिव्हर, सांधे, गाठी हे सगळे रांगेत उभे असतात आणि त्यातले बरेच जण पहिल्यांदा तोंड दाखवतात ते कातडीवरच. (म्हातारा म्हणजे किती, तर मोठ्या चणीची कुत्री 6-7 वर्षांतच त्या गटात जातात, छोटी 9-10 पर्यंत तरुणासारखी वावरतात.)

वयामुळे होतं ते किती

खरंच वयामुळे होणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. तोंडावरचे, भुवयांवरचे केस पांढरे होतात. कातडीतलं तेल कमी होतं त्यामुळे केस जरा राठ, निस्तेज होतात, थोडा कोरडा कोंडा दिसतो. कातडीची लवचिकता जाते. कोपरावर घट्टे पडतात. नखं जाड आणि ठिसूळ होतात, नाकाचा शेंडा आणि पंजाच्या गाद्या खरखरीत होतात. बस, साधारण एवढंच.

टक्कल पडणं वयामुळे होत नाही. वास मारणं वयामुळे होत नाही. खाज तर नाहीच नाही. कातडी काळी पडून जाड होणं, अंगावर फोड येणं, जखम महिनाभर न भरणं, यातलं काहीही "वय झालं" या खात्यात टाकायचं नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण बरेच जण यात फसतात. कुत्र्याच्या अंगातलं पाणी कमी झालंय का हे बघायला मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतात ना, ती लगेच खाली बसली की ठीक. म्हाताऱ्या कुत्र्यात हा प्रयोग भरवशाचा नाही, लवचिकता गेल्यामुळे पाणी व्यवस्थित असलं तरी चिमटी तशीच उभी राहते. त्याऐवजी हिरड्यांना बोट लावून बघायचं, ओल्या आणि गुळगुळीत असतील तर बरं, कोरड्या चिकट लागल्या तर काळजी.

पहिली पायरी: घरी बसून नीट तपासायचं, औषध काही नाही

एक निवांत वेळ बघा, जेवून झोपायच्या मूडमध्ये असताना. चांगला उजेड हवा, मोबाईलचा टॉर्च पण घ्या. त्याला कुशीवर झोपू दे, संधिवात असेल तर ज्या बाजूवर तो आपणहून झोपतो त्याच बाजूने सुरुवात करा, उलटवायची घाई नको.

आधी नुसता हात फिरवायचा, डोक्यापासून शेपटीपर्यंत, केसांच्या उलट दिशेने. डोळ्यांना दिसत नाही ते हाताला लागतं. गाठ, खपली, गरम जागा, एखादी अशी जागा जिथे हात लावला की तो अंग आखडून घेतो किंवा मान वळवून बघतो. मग केस बाजूला करून कातडी बघा. रंग काय आहे, लाल, काळी, करडी. कोंडा सुका भुरभुरीत आहे का पिवळट तेलकट. कुठे गोल चट्टा आहे का ज्याच्या कडेला पापुद्रा सुटलाय, हे बहुतेक जिवाणूंच्या संसर्गाचं लक्षण असतं आणि लोक त्याला हमखास नायटा समजतात.

आता टकलाची जागा असेल तर तिथले केस जवळून बघा. हे मला मॅडमनी दाखवलं आणि तेव्हापासून मी प्रत्येकाला दाखवतो. केस अर्धवट तुटलेले असतील, टोकं बोथट, हाताला दाढीच्या खुंटासारखं टोचत असेल, तर कुत्राच तो भाग चाटतोय किंवा चावतोय, म्हणजे खाज किंवा दुखणं आहे, तुम्ही समोर नसताना करत असेल. पुढच्या दातांत अडकलेले केस दिसले तर शंकाच नको. याउलट जागा गुळगुळीत असेल आणि आजूबाजूचे केस हलकेच ओढले तरी मुळासकट सहज हातात येत असतील तर प्रकरण वेगळं आहे, तिथे हॉर्मोनचा विचार आधी करायचा.

पिसवांसाठी बारीक दातांचा कंगवा शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर फिरवा, जे निघेल ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. काळे कण नुसती धूळ असेल तर तशीच राहील. पिसवांची विष्ठा असेल तर दोन मिनिटांत त्या कणाभोवती लालसर तपकिरी ओघळ पसरतो, कारण ते पचलेलं रक्तच असतं. एकही पिसू डोळ्यांना दिसली नाही तरी हा ओघळ दिसला की उत्तर मिळालं.

मग वास. कान, पंजाच्या बोटांमधली जागा, जांघ, मानेखालची वळी, शेपटीखाली. आंबूस कुबट वास असेल तर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. सडका वास असेल तर संसर्ग किंवा कुठेतरी झाकलेली जखम. आणि तोंडाचा वास पण घ्या, दात किडलेला कुत्रा स्वतःला चाटतो तेव्हा ती घाण लाळ सगळ्या केसांना लागते आणि आपण अंघोळीवर अंघोळी घालत बसतो.

शेवटचं म्हणजे पाणी. मोजायचं. सकाळी मापाने भांडं भरा, दिवसभरात जेवढ्यांदा भराल तेवढं लिहा, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं वजा करा. असं तीन दिवस. 24 तासांत दर किलो वजनामागे 50-60 मिली साधारण ठीक, 100 मिलीच्या वर गेलं तर नक्कीच जास्त. म्हणजे 20 किलोचा कुत्रा 2 लिटरच्या पुढे जात असेल तर कातडीचं काहीही असो, रक्त-लघवी तपासायलाच हवी. घरात दोन कुत्रे असतील तर मोजणं वैताग आहे मान्य, पण तीन दिवस वेगळी भांडी आणि वेगळी खोली एवढं जमवा.

सगळं झालं की फोटो काढा, त्याच उजेडात त्याच कोनातून, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून. याचा उपयोग शेवटी सांगतो.

दुसरी पायरी: खाज आहे की नाही, सगळं इथून फुटतं

हा प्रश्न सोपा वाटतो पण म्हाताऱ्या कुत्र्यात नाहीये. संधिवात झालेला कुत्रा मागचा पाय उचलून खाजवूच शकत नाही, मग तो काय करतो तर सोफ्याला अंग घासतो, जमिनीवर बूड घासत जातो, रात्री पंजे चाटत बसतो. आणि एक उलटा प्रकार पण आहे, एकाच जागी, बहुतेक पुढच्या पायाच्या मनगटावर, सतत चाटून चाटून जाड जखम करतात. त्याला आपण खाज समजतो आणि खाली सांधा दुखत असतो. अशा वेळी मलम लावून काही होत नाही, दुखणं कमी केलं की चाटणं कमी होतं.

खाज असेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा, ही आयुष्यात पहिल्यांदाच आली का? हवेतल्या धुळीची, परागकणांची जी अ‍ॅलर्जी असते ती बहुतेक कुत्र्यांना 6 महिने ते 3 वर्षांच्या दरम्यान सुरू होते. लहानपणापासून दरवर्षी खाजवणारा कुत्रा म्हातारपणी पण खाजवणार, ते जुनं दुखणं. पण ज्याने 9 वर्षं कधी कान खाजवला नाही तो अचानक अंग ओरबाडायला लागला तर "अ‍ॅलर्जी असेल" म्हणून गोळी चालू करून टाकायची नाही. आधी पिसवा आणि खरूज बाद करायची. खरजेत कानाच्या कडा, कोपरं, घोट्याच्या जागी खाज भयंकर असते आणि घरातल्या माणसांनाही हातावर-पोटावर पुरळ येऊ शकते, तशी आली असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. मग जिवाणू आणि यीस्ट. मग खाण्याची अ‍ॅलर्जी, ही मात्र कुठल्याही वयात सुरू होऊ शकते, वर्षानुवर्षं तेच खाणं खात असला तरी. आणि यातलं काहीच नसेल, औषधं देऊनही कातडी लाल, सोललेली, खवल्यांची राहत असेल, ओठांचा नाहीतर नाकाचा काळा रंग जाऊन गुलाबी पडत असेल, तर बायॉप्सी (कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणं), कारण कातडीचा लिम्फोमा, एक कॅन्सर, अगदी असाच खाजेचं सोंग घेऊन येतो. घाबरवायला नाही सांगत, हा दुर्मिळ आहे, पण सहा महिने खाजेची औषधं देत राहून मग कळणं वाईट.

पिसवांबद्दल थोडं, कारण औषध टाकूनही जात नाहीत अशी तक्रार सगळ्यांची असते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा म्हणजे एकूण फौजेचा जेमतेम 5 टक्के भाग, बाकी अंडी, अळ्या, कोष हे सगळं गादीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत. कोषातल्या पिसवा कित्येक महिने दम धरून राहू शकतात. त्यामुळे एकदा औषध टाकून थांबायचं नाही, किमान तीन महिने सलग, घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी, आणि अंथरुण आठवड्याला गरम पाण्यात. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध मांजरावर चुकूनही नको, जीव जातो. आणि तुमच्या म्हाताऱ्याला कधी फिट आली असेल तर पिसवा-गोचिडांच्या चघळायच्या गोळ्या, म्हणजे अफॉक्सोलॅनर, फ्लुरालॅनर, सॅरोलॅनर, लोटिलॅनर हा गट, देण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. बाकीच्यांना त्या साधारण चांगल्या चालतात पण फिटचा इतिहास असेल तर विचार करून.

खाज नाही, पण केस जातायत

इथे मोठे दोन पाहुणे.

थायरॉईड कमी पडणं. कुत्रा जाडावतो पण खाणं वाढलेलं नसतं, सुस्तावतो, थंडी सहन होत नाही म्हणून उबेच्या जागा शोधतो, दोन्ही बाजूंचे केस सारखे जातात, शेपटीचे केस जाऊन ती उंदराच्या शेपटीसारखी दिसते, चेहरा उगाच दुःखी वाटायला लागतो. कातडीचे संसर्ग आणि कानाची दुखणी परत परत येतात. लोक म्हणतात म्हातारा झाला, शांत झाला. तपासणी रक्ताची, पण नुसता टी-फोर (थायरॉईडचं हॉर्मोन) कमी आला म्हणून लगेच शिक्का मारायचा नसतो, दुसरा कुठलाही मोठा आजार असेल किंवा स्टेरॉइड, फिटच्या गोळ्या चालू असतील तरी तो आकडा खाली येतो. फ्री टी-फोर आणि टीएसएच (थायरॉईडला चालवणारं हॉर्मोन) बरोबर बघावं लागतं. खरंच असेल तर लेव्होथायरॉक्सिनची गोळी जन्मभर, आणि हा सगळ्यात समाधान देणारा आजार म्हणायचा कारण 1-2 आठवड्यांत कुत्रा परत उत्साही दिसायला लागतो. केसांना मात्र काही महिने लागतात, आणि सुरुवातीला जुने मेलेले केस एकदम गळून पडतात त्यामुळे वाढण्याऐवजी जास्तच गेले असं वाटतं. गोळी बंद करू नका.

दुसरा कुशिंग, बंड्याचा. शरीरात कॉर्टिसोल जास्त बनतं. पाणी खूप, लघवी खूप, भूक राक्षसासारखी, धापा टाकणं, पोट मडक्यासारखं लोंबतं, कातडी कागदासारखी पातळ, पोटावर काळे ठिपके, खरचटलं तरी भरत नाही. बंड्या आयुष्यभर खाण्याच्या बाबतीत नखरेल होता आणि एकदम ताट चाटूनपुसून साफ करायला लागला तेव्हा आम्ही खूश झालो होतो! साधारण 80-85 टक्के कुत्र्यांत मूळ मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत असतं, उरलेल्यांत मूत्रपिंडाजवळच्या अ‍ॅड्रिनलमध्ये, म्हणून सोनोग्राफी पण सांगतात. रक्ताची तपासणी एका सुईत संपत नाही, सकाळी नेऊन काही तास थांबावं लागतं, तयारीने जा. औषध बहुतेकांना ट्रायलोस्टेन, खाण्याबरोबर. यात एक धोका लक्षात ठेवायचा, डोस जास्त झाला तर कुत्रा खाणं सोडतो, उलट्या करतो, गळून जातो. असं झालं की पुढची गोळी द्यायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

तिसरा प्रकार कुशिंगसारखाच दिसतो पण तो आपणच केलेला असतो. महिनोन् महिने स्टेरॉइडच्या गोळ्या, कानात घालायचे स्टेरॉइडवाले थेंब, मलमं. हे बंद करायचं ते पण हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्याने, एकदम तोडलं तर शरीर कोसळू शकतं.

नर कुत्रा नसबंदी न केलेला, त्यात एक अंडकोष खाली उतरलेला नसेल आणि केस जातायत, स्तनाग्रं मोठी दिसतायत, तर अंडकोषाची गाठ डोक्यात ठेवा. आणि मोठ्या वयात पहिल्यांदा अंगभर डेमोडेक्स झाला, म्हणजे तो केसांच्या मुळात राहणारा सूक्ष्म किडा जो पिल्लांना त्रास देतो, तर नुसतं किड्याचं औषध देऊन थांबू नका. हा किडा प्रतिकारशक्ती पडली की डोकं वर काढतो, ती का पडली ते शोधायचं.

पंजांच्या गाद्या जाड होऊन फुटल्या, त्यावर खपल्या, तोंडाभोवती आणि कोपरांवर पण खपल्या, कुत्रा चालायला कुरकुरतोय असं एकत्र दिसलं तर लिव्हरची तपासणी मागून घ्या.

गाठी

म्हाताऱ्या कुत्र्याला गाठी होतात. बहुतेक साध्या असतात, चरबीची मऊ हलणारी गाठ, चामखिळीसारखे फुलकोबी-छाप कोंब, लोंबणारे तुकडे. पण हाताने चाचपून "ही चरबीचीच आहे" असं कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, डॉक्टर पण नाही, आणि जे सांगतात त्यांना सुई टाकून बघा म्हणायचं. मास्ट सेल नावाचा जो कॅन्सर कुत्र्यांच्या कातडीत भरपूर आढळतो तो कधी चरबीच्या गाठीसारखा मऊ असतो, कधी मच्छर चावल्यासारखा, कधी चामखिळीसारखा. त्याची एक खोड म्हणजे तो आज मोठा, उद्या लहान होतो, हात लावला की लाल होऊन सुजतो. म्हणून दाबून, चोळून बघायचं नाही.

नियम साधा ठेवलाय मी. 1 सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा महिनाभर टिकलेली कुठलीही गाठ, सुई. बारीक सुईने पेशी काढून काचेवर बघतात, बहुतेक वेळा भूल लागत नाही, दोन मिनिटांचं काम. झटपट वाढणारी, फुटलेली, रक्त येणारी, काळी, किंवा बोटावर-नखाच्या मुळाशी आलेली गाठ असेल तर महिना पण थांबायचं नाही.

कागदावर कुत्र्याची बाह्यरेषा काढा, वाईट आली तरी चालेल, आमची डुकरासारखी आलीये. प्रत्येक गाठीवर फुली, तारीख, आकार. दर महिन्याला एकदा बघायचं. सहा गाठी झाल्या की सातवी नवी का जुनी हे कोणाच्या बापाला आठवत नाही, तेव्हा हा कागद कामी येतो. आणि पिळून काढायच्या भानगडीत पडू नका, आतल्या आत फुटली की जास्त सूज येते.

तिसरी पायरी: डॉक्टरांकडे जाताना

जायच्या आधी दोन-तीन दिवस अंघोळ, पावडर, मलम काही नको. चकाचक करून नेलं की तपासायला काही उरत नाही. मोजलेलं पाणी, फोटो, चालू असलेली सगळी औषधं (टॉनिक, तेल, सप्लिमेंट धरून) लिहून न्या.

कातडी खरवडून किडे बघणं, काच किंवा टेप चिकटवून जिवाणू-यीस्ट बघणं, या स्वस्त-मस्त तपासण्या पहिल्याच भेटीत व्हायला हव्यात. त्या न करताच अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालं तर तीन दिवस कुत्रा छान दिसेल आणि मग परत तेच, वर पुढच्या तपासण्यांचे आकडे बिघडलेले. न भांडता विचारा, "आधी स्क्रेपिंग करून बघूया का?" म्हाताऱ्यात याबरोबर रक्त, लघवी, लिव्हर-किडनी पण करून टाका, पुढे कुठलंही औषध द्यायचं तर ते लागतंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे घरात नकळत घडतं. म्हाताऱ्या कुत्र्याला संधिवाताची गोळी आधीच चालू असते, मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन वगैरे. खाजेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी स्टेरॉइड लिहून दिलं. दोन्ही एकत्र गेली तर पोटात, आतड्यात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. दोघांनाही एकमेकांची गोळी माहीत नसते, माहीत असतं ते फक्त तुम्हाला. काळी डांबरासारखी शी झाली तर दोन्ही थांबवून लगेच पळा. खाजेच्या नव्या औषधांत अपोक्वेलची गोळी आणि सायटोपॉइंटचं इंजेक्शन पण आहे, अ‍ॅलर्जीच्या खाजेवर दोन्ही चांगली चालतात, पण अपोक्वेल प्रतिकारशक्तीवर काम करतं म्हणून कॅन्सर किंवा मोठा संसर्ग असेल तर देत नाहीत किंवा फार जपून देतात, म्हणजे परत तेच, आधी गाठी तपासून घ्यायच्या.

चौथी पायरी: अंघोळ, एकदाची

माणसांचा शाम्पू नको, बाळाचा पण नको. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा खूप पातळ असतो, पेशींचे जेमतेम 3 ते 5 थर, आणि आम्लतेचं गणित वेगळं. संसर्ग असेल तर 2 ते 4 टक्के क्लोरहेक्सिडिनचा (जंतुनाशक) शाम्पू, यीस्ट असेल तर त्यात मायकोनाझोल (बुरशीचं औषध) असलेला. कोरड्या कोंड्यासाठी ओटमील किंवा मॉइश्चरायझिंग.

खाली रबराची चटई टाका. घसरला एकदा की तो पुढच्या प्रत्येक अंघोळीला थरथरणार आणि कंबर धरली तर आठवडाभर लंगडणार. आधी कोरडेपणी विंचरा, जटा कात्रीने नका कापू, म्हाताऱ्याची सैल कातडी जटेबरोबर वर येते आणि कात्रीत सापडते, ट्रिमर वापरा. पाणी कोमट, मनगटावर बघून. शाम्पू वाटीभर पाण्यात पातळ करून घ्या म्हणजे सगळीकडे पोचतो. सगळ्यात जास्त त्रास असलेल्या जागेपासून सुरुवात करा आणि मग 10 मिनिटं घड्याळ लावून थांबा. औषधी शाम्पू लावून लगेच धुतला तर तो न लावल्यासारखाच. या दहा मिनिटांत मी बंड्याची पाठ चोळत गप्पा मारतो, तो तोंड फिरवून भिंतीकडे बघतो. मग धुवायचं, शाम्पूला दिला त्याच्या दुप्पट वेळ, विशेषतः बगल, जांघ, बोटांमध्ये. टॉवेलने टिपून घ्या, घासू नका. दाट आतले केस असतील तर थंड किंवा अगदी मंद हवेवर पूर्ण सुकवा, ओले राहिले की तिथेच रात्रीत ओला चिघळलेला चट्टा उमटतो.

संसर्ग असताना आठवड्यातून दोनदा, डॉक्टर सांगतील तोवर. एरवी महिन्याला एकदा खूप झालं. उभं राहवत नसेल तर क्लोरहेक्सिडिनचे वाइप्स किंवा मूस (न धुवायचा फेस), तेही चालतं. आणि दाट केसांच्या कुत्र्याचं "गरम होतंय बिचाऱ्याला" म्हणून मुंडण करू नका, म्हातारपणी ते केस परत यायला वर्ष लागू शकतं, कधी ठिगळासारखे येतात.

बारीकसारीक जागा, ज्या सगळे विसरतात

कोपराचे घट्टे: कडक फरशीवर झोपून होतात. जाड फोमची गादी, इतकी जाड की हाताने दाबली तर तळ लागू नये. घट्टा नुसता कोरडा असेल तर थोडं पेट्रोलियम जेली, पण फार मऊ करू नका, तो संरक्षण पण करतोय. फुटला, त्यातून पाणी आलं तर डॉक्टर. उठताच न येणाऱ्या कुत्र्याची कूस दर 2 ते 4 तासांनी बदला.

नखं: चालणं कमी झालं की नखं झिजत नाहीत. पायाच्या आतल्या बाजूला वर जे अंगठ्याचं नख असतं ते जमिनीला लागतच नाही, ते गोल वळून परत कातडीत घुसतं, आणि केसाळ कुत्र्यात बाहेरून काही दिसत नाही. बंड्याचं मी असंच विसरलो होतो, वास कुठून येतोय शोधत शोधत चार दिवसांनी सापडलं. दर दोन आठवड्यांनी तिथे बोट घालून बघा.

शेपटीखाली आणि जांघेत: लघवी थेंब थेंब गळणारे, शी करताना नीट वाकता न येणारे कुत्रे, तिथली कातडी भाजल्यासारखी लाल होते. केस ट्रिम करा, दिवसातून दोनदा कोमट पाण्याने पुसून कोरडं करा, वर पातळ थर पेट्रोलियम जेलीचा. लघवी का गळतेय ते मात्र तपासून घ्या, मादीत तर त्याच्यावर चांगली औषधं आहेत.

अंगाला लावायचं आणि पोटात द्यायचं

माशाच्या तेलातलं ओमेगा-3 खरंच उपयोगी, कातडीला आणि सांध्यांना पण. पण 6 ते 8 आठवडे द्यावं लागतं मग फरक कळतो, चार दिवसांत चमक आली असं जो सांगतो तो विकत असतो. डोस वजनावर, जास्त झालं तर जुलाब, आणि पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर विचारूनच. म्हातारा झाला म्हणून प्रोटीन तोडू नका, केस बनतात ते प्रोटीनचेच, किडनीचा आजार असेल तर गोष्ट वेगळी. थायरॉईड-कुशिंगवाल्याला कितीही बायोटिन द्या, केस येणार नाहीत.

लावू नये अशा गोष्टींत टी ट्री ऑइल पहिलं, नैसर्गिक म्हणून सर्रास लावतात आणि कुत्र्याला त्याची विषबाधा होते. झिंक ऑक्साइडची मलमं चाटली की त्रास. सोरायसिसचं कॅल्सिपोट्रायॉलवालं मलम आणि 5-फ्लुरोयुरॅसिलची क्रीम, घरात कोणी वापरत असेल तर ट्यूब चावायला तर सोडाच, तुमचा मलम लावलेला हात पण चाटू देऊ नका, अगदी थोड्या मात्रेनेही जीव जातो. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल आपल्या मनाने नाही. आणि काहीही लावलं तरी चाटणार हे गृहीत धरा, गळ्यात कोन घाला, कोन सहन होत नसेल तर जुना टी-शर्ट मागून गाठ मारून.

किती वाट बघायची

कातडीचा एक फेरा साधारण 3 आठवड्यांचा असतो, म्हणून कुठलाही उपाय तेवढा तरी द्या. पण अंगावर वेगाने पसरणारे फोड, चेहऱ्यावर अचानक सूज, कातडीखाली निळे-जांभळे डाग, जखमेत अळ्या, किंवा कातडीच्या त्रासाबरोबर खाणं बंद, यातलं काही असेल तर त्याच दिवशी.

बाकी रोज बघत राहिलं की फरक कळत नाही, म्हणून ते फोटो. दर पंधरा दिवसांनी तिथेच, तसाच एक. बंड्याच्या बाबतीत पाणी तिसऱ्या आठवड्यात निम्म्यावर आलं, पण पाठ तशीच, मी मॅडमना दोनदा फोन करून विचारलं की औषध नक्की बरोबर आहे ना. चौथ्या महिन्याच्या फोटोत पहिल्यांदा टकलाच्या कडेला धुरकट सावली दिसली, मला आधी वाटलं उजेडच वेगळा आहे. हात फिरवला तर मऊ लव होती. आता पूर्ण आलेत, फक्त आधी काळेभोर होते ते करडे उगवलेत, दोन्ही बाजूंनी सारखेच.